झॅम्प अपडेट करायचं की आहे तसंच चालू द्यायचं?

प्रोजेक्ट सबमिशनचे दिवस आले की बीसीएस-बीसीएच्या मुलांची एक अडचण ठरलेली असते. घरच्या लॅपटॉपवर व्यवस्थित चालणारा प्रोजेक्ट पेन ड्राइव्हमधून कॉलेजच्या लॅबमध्ये नेला जातो आणि पान उघडताच 'मायएसक्यूएल_कनेक्ट हे फंक्शनच नाही' अशा अर्थाचा एरर समोर येतो. घरी जुनं झॅम्प, लॅबमध्ये नवं. असाच प्रश्न एखाद्या दूध संस्थेच्या किंवा पतसंस्थेच्या ऑफिसातही उभा राहतो. बिलाचं सॉफ्टवेअर कोणीतरी वर्षांपूर्वी करून दिलेलं, करून देणारा पुण्याला नोकरीला गेलेला, आणि नवा ऑपरेटर विचारतो, 'हे अपडेट मारू का?' प्रश्न दोघांचा एकच असला तरी उत्तर एक नाही.

झॅम्प म्हणजे आपल्याच कॉम्प्युटरवर वेबसाइट चालवून बघण्याची सगळी सामग्री एका डब्यात. त्यात अपाचे हा वेब सर्व्हर, मारियाडीबी हा डेटाबेस, पीएचपी आणि पर्ल या भाषा येतात. 'अपाचे फ्रेंड्स' या गटाने ते २००२ पासून मोफत दिलं आहे. सुरुवातीला त्यात मायएसक्यूएल असायचं, २०१५ पासून त्याची जागा मारियाडीबीने घेतली. कंट्रोल पॅनलवर नाव मात्र अजून मायएसक्यूएलच दिसतं. आकड्यांचाही असाच गोंधळ आहे. आधी झॅम्पचे स्वतःचे नंबर होते, १.७, १.८ असे. नंतर आतल्या पीएचपीचाच नंबर झॅम्पला लागू लागला. त्यामुळे झॅम्प ७.४ म्हणजे आत पीएचपी ७.४, आणि 'झॅम्प अपडेट करू का' याचा खरा अर्थ 'पीएचपी बदलू का' असा होतो.

गाडी अडते ती इथेच. डिसेंबर २०१५ मध्ये आलेल्या पीएचपी ७.० मधून 'मायएसक्यूएल_' ने सुरू होणारी जुनी फंक्शन्स काढून टाकली गेली. त्यांच्या जागी मायएसक्यूएलआय किंवा पीडीओ वापरावं लागतं. जुन्या क्लासच्या नोट्सवरून लिहिलेला कोड इथेच पडतो. पण हा त्रास परवडला, कारण एरर समोर दिसतो. पीएचपी ८.० चा एक बदल गुपचूप काम करतो. आधी रिकामा मजकूर आणि शून्य यांची साध्या दुहेरी बरोबरच्या चिन्हाने तुलना केली तर दोन्ही सारखे धरले जायचे, ८.० पासून धरले जात नाहीत. एखाद्या सभासदाचा कपातीचा रकाना रिकामा असेल आणि कोडमध्ये 'शून्य असेल तर हे कर' असं लिहिलेलं असेल, तर स्क्रीनवर काहीही न दिसता हिशोब वेगळा निघू शकतो. पैशाचं सॉफ्टवेअर असेल तर अपडेटनंतर नुसतं पान उघडतंय का हे बघून भागत नाही. मागच्या एखाद्या महिन्याची बिलं दोन्हीकडे काढून ताडून बघावीच लागतात.

विद्यार्थ्यांचा निर्णय तसा सोपा आहे. लॅबमध्ये किंवा ज्या होस्टिंगवर साइट टाकायची तिथे पीएचपीचं कोणतं व्हर्जन आहे ते आधी विचारावं आणि घरी त्याच मालिकेचं झॅम्प घ्यावं. नवा प्रोजेक्ट जुन्यावर सुरू करण्यात काहीच अर्थ नाही. पीएचपी ५.६ ची सुरक्षा दुरुस्ती ३१ डिसेंबर २०१८ ला थांबली, ७.४ ची नोव्हेंबर २०२२ मध्ये. घरातलं मशीन जुनं, ३२-बिट विंडोजचं असेल तर मात्र नाइलाज आहे, कारण झॅम्पची ८ मालिका ६४-बिटसाठीच येते. दोन-तीन व्हर्जन लागतच असतील तर वॅम्पसर्व्हर सोयीचं पडतं, त्यात पीएचपीचं व्हर्जन मेनूतून बदलता येतं.

संस्थेच्या ऑफिसात प्रश्न आधी दुसराच विचारायला हवा: कोड दुरुस्त करणारा माणूस आहे का? नसेल तर चालू मशीनवर हात घालू नये. पण हात न घालणं म्हणजे बिनधास्त राहणं नव्हे. झॅम्प हे शिकण्यासाठी आणि साइट बनवून बघण्यासाठी आहे, रोजच्या कामाचा सर्व्हर म्हणून नाही, हे बनवणारेच सांगतात. डेटाबेसच्या 'रूट' युजरला पासवर्डच नसतो, आणि बहुतेक ठिकाणी तो कोणी घातलेलाही नसतो.

नवं घेतलं म्हणजे सुरक्षित झालं, हाही भ्रमच. जून २०२४ मध्ये विंडोजवरच्या पीएचपीत एक गंभीर त्रुटी जाहीर झाली. तिच्यातून बाहेरचा माणूस मशीनवर हवी ती आज्ञा चालवू शकत होता, आणि झॅम्पची मूळ मांडणी तिला थेट वाट देणारी होती. चिनी आणि जपानी भाषेच्या विंडोजवर हा हल्ला चालतो हे संशोधकांनी दाखवून दिलं. इतर भाषांच्या विंडोजवर धोका नाहीच, असं मात्र त्यांनी म्हटलं नाही. काही दिवसांतच खंडणीखोर व्हायरसवाल्यांनी तिचा वापर सुरू केला. दुरुस्ती पीएचपी ८.१.२९, ८.२.२० आणि ८.३.८ मध्ये आली. झॅम्प ८.२.१२ हे नोव्हेंबर २०२३ चं, म्हणजे त्या दुरुस्तीच्या आधीचं. ते वापरणाऱ्याने अपाचेच्या 'एक्स्ट्रा' फोल्डरमधली 'एचटीटीपीडी-झॅम्प' ही फाइल उघडावी, 'स्क्रिप्टअलियास' ने सुरू होणाऱ्या पीएचपी-सीजीआयच्या ओळीपुढे हॅशचं चिन्ह टाकून ती बंद करावी आणि अपाचे पुन्हा सुरू करावं. एकाच कॉम्प्युटरवर काम होत असेल तर 'लिसन ८०' च्या जागी 'लिसन १२७.०.०.१:८०' लिहिलं की बाहेरून त्या पोर्टवर कोणी येऊ शकत नाही. ४४३ पोर्टसाठी एसएसएलच्या फाइलमध्येही तोच बदल करावा. राऊटरवरून पोर्ट उघडून घरबसल्या बिलं बघण्याची हौस काहींना असते, ती जुन्या झॅम्पवर तरी करू नये.

अपडेट करायचं ठरलंच, तर जुन्यावर नवं चढवायचं नाही. नवं वेगळ्या फोल्डरमध्ये टाकावं, अपाचेला ८०८० आणि डेटाबेसला ३३०७ पोर्ट द्यावा, म्हणजे दोन्ही शेजारी-शेजारी चालतात. कोडमध्येही डेटाबेसचा नवा पोर्ट लिहावा लागतो. तो राहिला तर नवी साइट जुन्याच डेटाबेसवर लिहीत बसते. त्याही आधी बॅकअप. इथे सगळ्यात जास्त चूक होते, कारण पुष्कळ जण फक्त 'एचटीडॉक्स' फोल्डर कॉपी करतात. त्यात कोड असतो. सभासदांची नावं आणि रकमा असतात मायएसक्यूएलच्या 'डेटा' फोल्डरमध्ये. तिथूनही एकाच डेटाबेसचं फोल्डर उचलून भागत नाही, कारण बऱ्याच टेबलांना बाहेरची 'आयबीडेटा१' फाइल लागते. त्यापेक्षा पीएचपीमायअॅडमिनमधून एक्सपोर्ट करून एसक्यूएल फाइल घ्यावी, आणि फाइल मोठी असल्याने परत घेताना मर्यादेचा एरर आला तर कमांड लाइन वापरावी. ही फाइल त्याच कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये ठेवली तर हार्ड डिस्कबरोबर तीही जाईल.

मराठी नावांची परीक्षा वेगळी घ्यावी लागते. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये टेबल 'लॅटिन१' प्रकारचं असूनही मराठी दिसत असतं, कारण आत घालताना आणि बाहेर काढताना एकच चूक होत असते. नव्या झॅम्पमध्ये एका बाजूची चूक सुधारली की 'ज्ञानेश्वर' च्या जागी विचित्र परदेशी अक्षरं दिसू लागतात. डेटा तेव्हा बहुधा शाबूत असतो. घाबरून त्याच स्क्रीनवर नावं पुन्हा टाइप करून सेव्ह केली की अर्धी नोंद एका पद्धतीने, अर्धी दुसऱ्या पद्धतीने जमा होते, आणि मग निस्तरणं अवघड. नव्याकडे नावं, रकमा आणि मागची बिलं जुळेपर्यंत जुनं झॅम्प अनइन्स्टॉल करू नये, निदान एक मार्चअखेर तरी जाऊ द्यावी.