रोडगा : विस्तवावरचा नवस
देवीला रोडगा वाहण्याचा नवस मराठी मुलखात 16व्या शतकात सर्वपरिचित होता, हे संत एकनाथांच्या भवानीवरील भारुडातून स्पष्ट होते, आणि नागपूरसह विदर्भात ती रीत आजही टिकून आहे. जाडसर दळलेल्या गव्हाच्या कणकेच्या लहान पाऱ्या तेल लावून एकावर एक रचायच्या, त्या बाहेरच्या पारीत बंद करून गोळा वळायचा आणि गोवऱ्यांच्या, म्हणजे वाळवलेल्या शेणाच्या थापट्यांच्या, निखाऱ्यांत पुरायचा, अशी रोडग्याची कृती आहे. खरे कौशल्य विस्तव जोखण्यात असते, कारण ज्वाळा शमण्यापूर्वी घातलेला रोडगा वरून करपतो व आतले पदर कच्चेच राहतात. भाजल्यावर फडक्याने राख झटकून तो तुपात कुस्करतात आणि वरण व वांग्याच्या भाजीसह वाढतात.