इंग्रजी वाक्संप्रदाय व शब्दांची व्युत्पत्ती

इंग्रजी भाषेतील रूढ वाक्संप्रदाय आणि असाधारण शब्द यांच्या अर्थांचा व उगमांचा ऐतिहासिक अभ्यास. ज्या शब्दसमूहाचा अर्थ त्यातील सुट्या शब्दांवरून लागत नाही, त्यास वाक्संप्रदाय म्हणतात. मराठीत ‘हात टेकणे’ म्हणजे हार मानणे, हे केवळ ‘हात’ आणि ‘टेकणे’ हे शब्द जाणणाऱ्यास कळत नाही. त्याचप्रमाणे ‘टू किक द बकेट’ म्हणजे मरण पावणे आणि ‘टू रेन कॅट्स अँड डॉग्ज’ म्हणजे मुसळधार पाऊस पडणे, हे अर्थ इंग्रजी शब्दांच्या वाच्यार्थांतून निघत नाहीत. अर्थ आणि शब्द यांतील हे अंतर भरून काढण्यासाठी वाक्संप्रदायांभोवती उगमकथा रचल्या जातात. त्यांपैकी काही खऱ्या, तर पुष्कळशा कल्पित असतात. म्हणून वाक्संप्रदायाचा इतिहास आणि त्याविषयी सांगितल्या जाणाऱ्या कथेचा इतिहास, या दोहोंचा स्वतंत्रपणे विचार करावा लागतो. या दोहोंचा मेळ बसतो की नाही, हे कथेच्या रंजकतेवरून नव्हे, तर कालनिश्चिती झालेल्या लिखित पुराव्यावरूनच ठरविता येते.

अभ्यासाची परंपरा : सॅम्युएल जॉन्सन (१७०९–८४) याच्या १७५५ मधील कोशाने शब्दार्थांच्या पुष्ट्यर्थ ग्रंथकारांची अवतरणे देण्याची पद्धत इंग्रजीत दृढ केली. तथापि त्याचा भर शिष्ट वाङ्‌मयावर होता. रस्त्यावरील, बराकींतील व गुत्त्यांतील भाषा फ्रान्सिस ग्रोज (सु. १७३१–९१) याने १७८५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्राम्य भाषेच्या कोशात संगृहीत केली. ‘किक द बकेट’ याची नोंद तेथे आढळते. एबनेझर कॉबम ब्रूअर (१८१०–९७) याचा वाक्संप्रदाय व आख्यायिका यांचा कोश १८७० मध्ये निघाला आणि अत्यंत लोकप्रिय ठरला. मात्र त्यात पारखून घेतलेली माहिती आणि ऐकीव गोष्टी शेजारी शेजारी नांदतात.

या अभ्यासास शास्त्रीय बैठक लाभली ती लंडनच्या फायलॉलॉजिकल सोसायटीमुळे. रिचर्ड चेनेव्हिक्स ट्रेंच (१८०७–८६) याने १८५७ मध्ये या संस्थेपुढे तत्कालीन कोशांतील उणिवा मांडल्या. प्रत्येक शब्दाचे जणू चरित्र लिहिले जावे, तो प्रथम केव्हा आढळला व त्याचा अर्थ कसकसा पालटला हे दाखविले जावे, अशी भूमिका त्यातून पुढे आली. शेकडो स्वयंसेवी वाचकांनी जुने ग्रंथ वाचून अवतरणांच्या चिठ्ठ्या पाठविल्या. जेम्स मरी (१८३७–१९१५) हा १८७९ पासून या कोशाचा संपादक होता. पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि अखेरचा १९२८ मध्ये, म्हणजे मरीच्या निधनानंतर तेरा वर्षांनी. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी या नावाने विख्यात झालेल्या या कोशात चार लाखांहून अधिक शब्द आणि सु. १८ लाख अवतरणे होती. त्याची दुसरी आवृत्ती १९८९ मध्ये वीस खंडांत प्रसिद्ध झाली. एखादी उगमकथा ऐकताच ‘हा शब्द त्या काळी लिहिलेला आढळतो काय?’ हा प्रश्न विचारणे या कोशामुळे शक्य झाले.

ज्ञात उगम : काही शब्दांचा कर्ता आणि काळ निश्चितपणे सांगता येतो. ‘स्केपगोट’ म्हणजे दुसऱ्यांच्या अपराधाचे खापर ज्याच्या माथी फोडले जाते तो. हा शब्द विल्यम टिंडल (सु. १४९४–१५३६) याने आपल्या १५३० मधील बायबलच्या भाषांतरात घडविला. ज्यू लोकांच्या प्रायश्चित्तदिनी समाजाची पापे एका बोकडावर लादून त्यास अरण्यात सोडण्याचा विधी होता. त्या संदर्भातील ‘अझाझेल’ या हिब्रू शब्दाचा अर्थ ‘निघून जाणारा बोकड’ असा समजून टिंडलने तो शब्द योजला. अनेक अभ्यासक ‘अझाझेल’ हे विशेषनाम मानतात. तेव्हा इंग्रजीतील एक अर्थपूर्ण शब्द एका वादग्रस्त वाचनातून जन्मला, असे म्हणावे लागते.

‘सेरेंडिपिटी’ म्हणजे शोधीत नसता काही मोलाचे गवसणे. होरेस वॉल्पोल (१७१७–९७) याने २८ जानेवारी १७५४ रोजी लिहिलेल्या पत्रात हा शब्द प्रथम वापरला व तो आपण कसा बनविला हेही सांगितले. सेरेंडिप म्हणजे श्रीलंका. तेथील तीन राजपुत्रांच्या फार्सी मूळ असलेल्या कथेवरून त्याला तो सुचला. ‘बॉयकॉट’ या शब्दामागे तर एका व्यक्तीचे आडनाव आहे. आयर्लंडमधील मेयो परगण्यात चार्ल्स बॉयकॉट (१८३२–९७) हा एका जमीनदाराचा कारभारी होता. लँड लीगच्या चळवळीत १८८० मध्ये कुळांनी, मजुरांनी व दुकानदारांनी त्याच्याशी सर्व व्यवहार तोडले. त्याच वर्षअखेरीपर्यंत त्याचे नाव वृत्तपत्रांतून क्रियापद म्हणून वापरले जाऊ लागले. बंगालच्या फाळणीनंतर १९०५ मध्ये हा शब्द भारतीय राजकारणात दुमदुमला. मराठीत त्यासाठी ‘बहिष्कार’ हा मूळचा धार्मिक व सामाजिक शासनाचा शब्द रूढ झाला व लोकमान्य टिळकांच्या चतुःसूत्रीत त्यास स्थान मिळाले.

व्यवसायांतील भाषा : ज्या व्यवसायांत वाक्संप्रदाय जन्मतात ते मागे पडले, की शब्द उरतो आणि अर्थाचा आधार लोपतो. इंग्लंड हे दर्यावर्दी राष्ट्र असल्याने नौकानयनातून आलेली अशी सामग्री विपुल आहे. ‘बाय अँड लार्ज’ म्हणजे सर्वसाधारणपणे. शिडाच्या जहाजावर ‘बाय’ म्हणजे समोरून येणाऱ्या वाऱ्याला शक्य तितके धरून जाणे आणि ‘लार्ज’ म्हणजे वारा मागच्या बाजूने घेऊन जाणे. दोन्ही प्रकारे नीट चालणारे जहाज ते सर्व परिस्थितीत चांगले, यावरून आजचा अर्थ आला. मद्यधुंद या अर्थी ‘थ्री शीट्स इन द विंड’ असे म्हणतात. येथे ‘शीट’ म्हणजे शीड असा अनेकांचा समज असतो. वस्तुतः नाविकांच्या भाषेत ‘शीट’ म्हणजे शिडाच्या खालच्या कोपऱ्याला बांधलेला दोर. असे दोर सुटून वाऱ्यावर हेलकावू लागले, की शीड फडफडते आणि जहाज झोकांड्या खाते.

‘हॉब्सन्स चॉइस’ म्हणजे नावापुरती निवड. मिळेल ते घ्या, नाही तर काहीच नाही. टॉमस हॉब्सन (सु. १५४४–१६३१) हा केंब्रिज येथे घोडे भाड्याने देत असे. चांगल्या घोड्यांवरच ताण पडू नये म्हणून दारालगतचा घोडाच गिऱ्हाइकाने घ्यावा, असा त्याचा दंडक असल्याचे सांगतात. सतराव्या शतकातच हा वाक्संप्रदाय छापील स्वरूपात आढळतो. ‘टू ईट हंबल पाय’ म्हणजे मान खाली घालून चूक कबूल करणे. येथे दोन भिन्न शब्दांची गाठ पडली आहे. हरिणाच्या काळीज, आतडी इ. भागांना ‘अंबल्स’ म्हणत व त्यांचा ‘पाय’ हा भाजलेला पदार्थ करीत. नम्र या अर्थाच्या ‘हंबल’ शब्दाशी त्याचा मुळात संबंध नव्हता. उच्चारसाम्यामुळे एकोणिसाव्या शतकात श्लेषाने तो जोडला गेला.

ध्वनिबदल व लोकव्युत्पत्ती : अपरिचित शब्दाला परिचित शब्दाचे रूप देण्याच्या प्रवृत्तीस लोकव्युत्पत्ती म्हणतात. स्पॅनिश ‘कुकाराचा’ या शब्दाचे इंग्रजीत ‘कॉकरोच’ झाले. त्यात ‘कॉक’ म्हणजे कोंबडा आल्याने झुरळाचा कोंबड्याशी काही संबंध असावा, असा भास होतो. मराठी ‘मुंगूस’ या शब्दाचे इंग्रजीत ‘मंगूस’ झाले. त्याच्या अखेरीस ‘गूस’ म्हणजे हंसवर्गीय पक्ष्याचे नाव ऐकू येत असले, तरी दोहोंत काहीही नाते नाही. म्हणूनच ‘गूस’चे अनेकवचन ‘गीस’ असले, तरी ‘मंगूस’चे ‘मंगूसेस’ असे होते. कधी उपपदाचा वर्णच शब्दास चिकटतो वा शब्दाचा वर्ण उपपदाकडे जातो. ‘अ नेप्रन’ याचे ‘अ‍ॅन एप्रन’ झाले, तर जादा नाव या अर्थाच्या ‘अ‍ॅन एकनेम’ याचे ‘अ निकनेम’ झाले. दिखाऊ व हलक्या प्रतीचे या अर्थाचा ‘टॉड्री’ हा शब्द ‘सेंट ऑड्री’ या नावातून निघाला. ईली येथे या संत स्त्रीच्या नावाने भरणाऱ्या जत्रेत गळ्याभोवती बांधावयाच्या रेशमी फिती विकल्या जात. ‘सेंट’मधील ‘ट’ पुढील नावास जोडला गेला आणि पुढे अशा फितींचा दर्जा घसरला, तसा शब्दाचा अर्थही घसरला.

कल्पित उगमकथा : सर्वाधिक प्रसृत झालेल्या कथांपैकी अनेक पुराव्यापुढे टिकत नाहीत. पूर्वी कुत्री व मांजरे गवती छपरावर झोपत आणि पावसात घसरून खाली पडत, म्हणून ‘कॅट्स अँड डॉग्ज’ हा संप्रदाय रूढ झाला, अशी एक कथा आहे. संगणकीय पत्रांद्वारे ती १९९९ पासून जगभर पसरली. कुत्री छपरावर झोपत असल्याचा पुरावा नाही आणि शाकारलेल्या छपराचा उतार त्यास सोयीचाही नसतो. या संप्रदायाची जवळची रूपे सतराव्या शतकाच्या मध्यास दिसतात आणि जॉनाथन स्विफ्टने १७३८ मध्ये तो आजच्या रूपात वापरलेला आहे.

मुंबईच्या जलप्रवासाशी निगडित अशी कथा ‘पॉश’ या शब्दाची सांगितली जाते. इंग्लंडहून भारताकडे येताना जहाजाची डावी आणि परतताना उजवी बाजू उन्हापासून सुरक्षित राही. म्हणून श्रीमंत प्रवासी त्या बाजूंच्या खोल्या घेत आणि ‘पोर्ट आउट, स्टारबोर्ड होम’ या शब्दांची आद्याक्षरे त्यांच्या तिकिटांवर छापलेली असत, असे म्हणतात. परंतु अशा छापाचे एकही तिकीट उपलब्ध झालेले नाही आणि ही कथा शब्दाहून उशिरा प्रकट होते. ‘पॉश’ हा शब्द छानछोकी करणारा या अर्थी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या बोलभाषेत नोंदलेला आहे.

याउलट, ‘ओके’ हा शब्द खरोखरच आद्याक्षरांपासून बनला आहे. अमेरिकन अभ्यासक अ‍ॅलन वॉकर रीड (१९०६–२००२) याने १९६३–६४ मध्ये जुनी वृत्तपत्रे तपासून दाखविले, की २३ मार्च १८३९ च्या एका बॉस्टन वृत्तपत्रात तो ‘ऑल करेक्ट’ या शब्दांच्या मुद्दाम अशुद्ध लिहिलेल्या रूपाची आद्याक्षरे म्हणून आला होता. त्या काळी अशा विनोदी संक्षेपांची लाटच आली होती. १८४० च्या अध्यक्षीय निवडणुकीत मार्टिन व्हॅन ब्यूरन याच्या ‘ओल्ड किंडरहुक’ या टोपणनावाशी त्याचा मेळ बसल्याने तेवढाच टिकला.

‘रेड हेरिंग’ म्हणजे लक्ष दुसरीकडे वळविण्यासाठी पुढे केलेली गोष्ट. खारवून धुरी दिलेल्या तांबूस माशाच्या उग्र वासाने शिकारी कुत्र्यांना चकविण्याचा प्रघात होता व त्यावरून हा संप्रदाय आला, असे अनेक कोशांनी दीर्घकाळ सांगितले. परंतु सतराव्या शतकातील शिकारविषयक लेखनात असा मासा जमिनीवरून ओढीत नेला जाई तो घोड्यांना शिकारीच्या मागे धावण्याचा सराव व्हावा म्हणून. चकविण्याची कथा प्रचारात आणली ती पत्रकार विल्यम कॉबेट (१७६३–१८३५) याने. नेपोलियनच्या पराभवाच्या खोट्या वार्तेवर विसंबून देशांतर्गत प्रश्न विसरणाऱ्या वृत्तपत्रांवर टीका करताना त्याने १८०७ मध्ये स्वतःच्या बालपणीची म्हणून ती लिहिली. ही संगती २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने स्पष्ट केली.

भारतीय संबंध : हेन्री यूल (१८२०–८९) व ए. सी. बर्नेल (१८४०–८२) यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा अँग्लो-इंडियन शब्दांचा कोश १८८६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याचे नावच लोकव्युत्पत्तीचा नमुना आहे. मोहरमच्या मिरवणुकीतील ‘या हसन! या हुसेन!’ हा आक्रोश गोऱ्या सैनिकांच्या कानी आला, तो इंग्रजी आडनावांच्या जोडीच्या रूपात. या कोशाची योग्यता मोठी असली, तरी तोही मोहातून सुटला नाही. ‘आय डोन्ट गिव्ह अ डॅम’ (मला कसलीही पर्वा नाही) यातील ‘डॅम’ हे मूळचे ‘दाम’ हे भारतीय नाणे असावे, असे त्यात सुचविले आहे. अकबराच्या काळी एका रुपयाचे चाळीस दाम होत. ‘दमडीचीही किंमत न देणे’ असे म्हणणाऱ्या मराठी वाचकास ही उपपत्ती सहज पटते. ऑक्सफर्ड कोशाने मात्र ती चतुर परंतु निराधार ठरविली. तो शब्द साधा शापवाचक ‘डॅम’च असून, शाप या अर्थाचा ‘कर्स’ हा शब्दही इंग्रजीत याच रीतीने वापरला जातो.

भारतीय मूळ निर्विवाद असलेला शब्द म्हणजे ‘डूलॅली’. नासिकजवळील देवळाली येथे ब्रिटिश सैन्याचा संक्रमण तळ होता. सेवेची मुदत संपलेले सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजांची वाट पाहत तेथे थांबत. जहाजे वर्षातील ठराविक महिन्यांतच सुटत असल्याने काहींना दीर्घकाळ काढावा लागे. उकाडा, रिकामपण व आजार यांमुळे त्यांच्या वर्तनात विक्षिप्तपणा येई. त्यास ‘डूलॅली टॅप’ म्हणत. ‘टॅप’ हा आपला ‘ताप’ होय. पुढे ‘टॅप’ गळाला आणि ‘डूलॅली’ हा शब्द वेडसर या अर्थी इंग्लंडमध्ये रूढ झाला. घरची वाट पाहणाऱ्या सामान्य सैनिकांची हालअपेष्टा त्या एका शब्दात नोंदली गेली आहे.

मूल्यमापन : कोणतीही व्युत्पत्ती स्वीकारण्यापूर्वी तीन कसोट्या लावणे आवश्यक असते. उगमाचा प्रसंग शब्दाच्या पहिल्या लिखित आढळाच्या आधीचा असावा. ध्वनी व अर्थ यांतील बदलाचे मधले टप्पे दाखविता यावेत. आणि कथा प्रथम कोणी व केव्हा सांगितली हे तपासलेले असावे. या कसोट्या लावूनही काही प्रश्न उरतात. ‘किक द बकेट’ यातील ‘बकेट’ म्हणजे बादली, की मारलेले डुक्कर टांगण्याची आडवी तुळई, यावर मतैक्य नाही. अशा ठिकाणी उगम अनिश्चित आहे असे नमूद करणे, हाच प्रामाणिक कोशकाराचा मार्ग होय. कारण चुकीची व्युत्पत्ती केवळ एका शब्दाविषयी गैरसमज पसरवीत नाही, तर ज्या नाविकांनी, कुळांनी व सैनिकांनी तो शब्द घडविला, त्यांच्या जीवनाची साक्षही पुसून टाकते.