आळशी सोन्याची कुळकथा

रसायनशास्त्राच्या दप्तरी सोन्याची नोंद दीर्घकाळ खानदानी पण निरुद्योगी वतनदार अशीच होती. हवा ज्याला काळवंडवीत नाही आणि साधे अम्ल ज्याच्या वाटेस जात नाही, त्याने परक्या दोन द्रव्यांची सोयरीक जुळवून द्यावी, ही अपेक्षा तरी कोणी कशी धरावी? मध्यस्थीची ती सनद प्लॅटिनमला मिळाली. १८२३ साली येना येथे डोबरायनरने प्लॅटिनमच्या सच्छिद्र गोळ्यावर हायड्रोजनचा झोत सोडला आणि काडी न ओढता ज्योत पेटली. पुढे बर्झेलियसने अशा मध्यस्थीला 'कॅटॅलिसिस' हे नाव दिले, ज्याच्या ग्रीक मुळाचा अर्थ सैल करणे असा असल्याने, चेतवणी सुचविणाऱ्या आपल्या 'उत्प्रेरक' या शब्दापेक्षा मला तो अधिक नेमका वाटतो.

डोबरायनरच्या गोळ्यात धातूच्या जातीइतकीच करामत त्याच्या सूक्ष्म विभागणीची होती. एक सेंटिमीटर बाजूच्या घनाचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर भरतो. त्याच घनाचे ५ नॅनोमीटर बाजूचे घन पाडले, तर तोच १,२०० चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ १२ गुंठे होतो. सोन्याचे असे कण फॅरेडेने १८५७ सालीच माणकासारख्या लाल द्रवात तरंगत ठेवले होते. परंतु त्याचे लक्ष प्रकाशाकडे होते, आणि सोन्याची कैफियत ऐकावयाची राहून गेली.

ती ऐकली ओसाका येथील सरकारी औद्योगिक संशोधनसंस्थेतील मासाताके हारुता यांनी. कणांना आधार म्हणून घेतलेल्या तयार ऑक्साइडावर सोन्याचे द्रावण नुसते जिरवून तापविले की कण एकमेकांत मिसळून थोराड होतात, आणि थोराड झालेले सोने पुन्हा आळसावते. म्हणून त्यांनी सोने व लोह यांच्या क्षारांचे एकाच द्रावणातून एकदम अवक्षेपण केले, साका धुऊन, वाळवून भाजला, आणि लोहाच्या ऑक्साइडावर काही नॅनोमीटरचे कण घट्ट बसविले. १९८७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधाने जाणकार चकित झाले: शून्याखाली ७० अंशांच्या थंडीतही हे सोने विषारी कार्बन मोनॉक्साइडचे ज्वलन घडवीत होते. केवळ पृष्ठभाग वाढला म्हणून हे झाले, असे समजणे मात्र भाबडेपणाचे. सोने आणि ऑक्साइड यांची सीमा जेथे भिडते, त्या शिवेवरच या व्यवहारातील बरीचशी देवघेव होते.

या शोधानंतर सोन्याला जी पहिली रीतसर नोकरी लागली, तीत जपानी शौचकूपांतील दुर्गंधी नाहीशी करण्याचे काम होते.