शॅम्पेन, सिगरेट आणि ऑलिम्पिकचं तिकीट

परवा टीममध्ये नवीन आलेला एक मुलगा जॉइनिंगचे कागद भरत होता. आचारसंहितेच्या पानावर थांबला आणि म्हणाला, "हे कोणी वाचतं का हो?" मी हसून म्हटलं, "कोणी नाही. कर सही." संध्याकाळी सिग्नलला अडकलो होतो तेव्हा मात्र दोन मुली आठवल्या. अशाच एका पानापायी दोघींचं ऑलिम्पिक हुकलं होतं. म्हटलं, शनिवारी यावरच लिहू.

पहिली, अमेरिकेची एलेनॉर होल्म. १९२८ ला ॲमस्टरडॅममध्ये, जेमतेम १४ वर्षांची असताना, बॅकस्ट्रोकमध्ये पाचवी आली. १९३२ ला लॉस एंजेलिसमध्ये सुवर्ण. नंतर लग्न झालं, नवरा बँडवाला, आणि ही त्याच्याबरोबर नाइटक्लबात गायची. आपण पितो हे तिने कधी लपवलं नाही. १५ जुलै १९३६ ला अमेरिकी संघ 'मॅनहॅटन' जहाजातून बर्लिन ऑलिम्पिकला निघाला. खेळाडू तिसऱ्या वर्गात, पदाधिकारी आणि पत्रकार पहिल्या वर्गात. बाई वर जाऊन पत्रकारांच्या पार्टीत शॅम्पेन प्यायल्या. एकदा ताकीद मिळाली, तरी पुन्हा तेच. बोट जर्मनीला लागण्याआधीच अमेरिकी ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष ॲव्हरी ब्रंडेज यांनी तिला संघातून काढून टाकलं. दोनशेहून जास्त सहकाऱ्यांनी अर्जावर सह्या केल्या, पण साहेब हलले नाहीत.

होल्म बर्लिनला गेली ती बातमीदार म्हणून. तिच्या शर्यतीत हॉलंडची निडा झेन्फ जिंकली. गंमत म्हणजे वळताना झेन्फचा हात भिंतीला लागलाच नव्हता. ती मागे फिरली, भिंतीला हात लावून आली आणि तरीही पहिली आली. त्या वेळी होल्मच्या मनात काय आलं असेल?

दुसरी, जपानची शोको मियाता. ही २०२४ ची गोष्ट. वय १९, महिला जिम्नॅस्टिक्स संघाची कर्णधार. २०२२ च्या जागतिक स्पर्धेत बीमवर ब्राँझ मिळवलेली. पॅरिस ऑलिम्पिक आठवड्यावर आलेलं, संघाचं सराव शिबिर मोनॅकोत. तेवढ्यात कळलं की तिने सिगरेट ओढली होती आणि दारूही घेतली होती. जपानमध्ये २०२२ पासून माणूस १८ व्या वर्षी सज्ञान होतो, पण दारू-सिगरेटची वयोमर्यादा २० च राहिली. शिवाय संघाची आचारसंहिता होतीच. तिला मायदेशी परत बोलावलं आणि १९ जुलैला तिची माघार जाहीर झाली. अधिकाऱ्यांनी कॅमेऱ्यांसमोर वाकून माफी मागितली. तिच्या प्रशिक्षकांनी सांगितलं की पोरगी प्रचंड दडपणाखाली होती.

आता याचं गणित बघा. पात्रता फेरीत पाच जणींच्या संघातल्या चौघी प्रत्येक उपकरणावर उतरतात आणि सर्वोत्तम तीन गुण धरले जातात. जपानकडे उरल्याच चौघी. म्हणजे प्रत्येकीला सगळं करायचं, कोणाला विश्रांती नाही. जपानच्या महिलांनी सांघिक पदक शेवटचं मिळवलं होतं ते १९६४ ला, टोकियोत. पॅरिसमध्ये त्या अंतिम फेरीत पोचल्या आणि आठव्या, म्हणजे शेवटच्या आल्या. ती असती तर पदक मिळालंच असतं असं मी म्हणत नाही. पण सिगरेट ओढली एकीने आणि भार पडला चौघींवर.

दोघींनी नियम मोडला होता, त्यात वाद नाही. होल्मला तर ताकीदही मिळाली होती. मला खटकतं ते वेगळंच. आपल्याकडे बगलासुद्धा सिव्हिरिटी असते. बटणाचा रंग चुकला म्हणून कोणी अख्खं रिलीज रद्द करत नाही. इथे मात्र चूक लहान असो की मोठी, शिक्षा एकच. आणि ऑलिम्पिक चार वर्षांतून एकदा येतं. कागदावर ते 'एका स्पर्धेतून वगळणं' असतं, पण प्रत्यक्षात कधीकधी अख्खी कारकीर्द जाते. होल्म पुन्हा ऑलिम्पिकमध्ये पोहली नाही.

आणि मोजमाप तरी सगळ्यांना सारखं होतं का? नाझी राजवटीतल्या त्या ऑलिम्पिकवर बहिष्कार घालू नये म्हणून ब्रंडेज हिरिरीने भांडले होते. त्याच बर्लिनमध्ये अमेरिकी संघाने मार्टी ग्लिकमन आणि सॅम स्टोलर या आपल्याच दोन ज्यू धावपटूंना ऐनवेळी रिलेतून वगळलं. त्यासाठी कोणाला घरी पाठवलं नाही. शॅम्पेनचा वास लगेच येतो, बाकी गोष्टींचा येत नाही. ब्रंडेज पुढे १९५२ ते १९७२ आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अध्यक्ष होते.

असो. सोमवारी त्या मुलाला सांगणार आहे, की बाबा, ते पान वाच. काय करायचं नाही ते तुला ठाऊकच असतं. चुकलं तर काय होईल आणि ते कोण ठरवणार, एवढं मात्र सही करण्याआधी बघून घे.