तीन वर्षांचा नियम

1896 च्या ऑक्टोबरात लाफायेट कॉलेजने पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाची सलग विजयांची लांबलचक मालिका तोडली. जिंकणाऱ्या संघात फील्डिंग योस्ट नावाचा धिप्पाड गडी होता. तो वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठात कायदा शिकत होता. सामन्याच्या तोंडावर लाफायेटमध्ये दाखल झाला आणि सामना जिंकून थोड्याच दिवसांत मूळच्या विद्यापीठात परतला. अमेरिकन कॉलेज फुटबॉलमध्ये तेव्हा असे फिरस्ते खेळाडू सर्रास दिसत. 1905 च्या मोसमात मैदानावर झालेल्या मृत्यूंनी देश हादरला, राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी बड्या विद्यापीठांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसवर बोलावले, आणि 1906 मध्ये पुढे ‘एनसीएए’ म्हणून ओळखली गेलेली संघटना उभी राहिली. त्याच वर्षी मिशिगनचे अध्यक्ष जेम्स एंजेल यांच्या पुढाकाराने पश्चिमेकडील विद्यापीठांची परिषद भरली. तिने ठरवले की विद्यार्थ्याने आधी एक वर्ष त्या विद्यापीठात काढावे, मग जास्तीत जास्त तीन वर्षे खेळावे, आणि पदवी मिळाली की मैदान सोडावे. तीन हा आकडा कुणाच्या मनात आला म्हणून ठरला नव्हता. पदवीचा अभ्यासक्रम चार वर्षांचा, त्यातले पहिले वर्ष रुळण्यासाठी, म्हणून उरली तीन. मर्यादेचे सगळे बळ या साध्या वजाबाकीत होते. हा नियम आधीच शिकत असलेल्या खेळाडूंनाही लागू होणार, यावरून वाद पेटला आणि खुद्द मिशिगनच परिषदेतून बाहेर पडले. ते परतले 1917 मध्ये. तेव्हा मिशिगनचा प्रशिक्षक होता तोच योस्ट.

ही मर्यादा न्यायालयांनी आणि पैशाने मोडली, असे आज अमेरिकेत सर्रास म्हटले जाते. इतिहास नीट पाहिला तर हे निदान अपुरे वाटते. मर्यादेचा पाया विद्यापीठांनी आपल्याच हातांनी, थोडा थोडा करून पोखरला होता. महायुद्धांच्या काळात मुले सैन्यात गेली, म्हणून पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना मैदान खुले झाले. ती सवलत संकटापुरती होती. पण 1968 मध्ये एनसीएएने फुटबॉल आणि बास्केटबॉल वगळता सर्व खेळांत ती कायमची दिली आणि 1972 मध्ये हे दोन खेळही त्यात आले. यामागे स्वतंत्र कनिष्ठ संघांचा खर्च वाचवण्याचा विचार मोठा होता. रुळण्यासाठी राखलेले वर्ष असे हिशेबात गेले. दुसरी फट ‘रेडशर्ट’ची. 1937 मध्ये नेब्रास्काच्या वॉरन अल्फसनने एक मोसम न खेळता फक्त लाल शर्ट घालून सराव केला, म्हणजे ते वर्ष त्याच्या खात्यातून वजा झाले नाही. पुढे ‘पाच वर्षांत चार मोसम’ ही रीतच झाली. 2018 पासून फुटबॉलमध्ये चार सामने खेळूनही मोसम वाचवता येऊ लागला, आणि 2020-21 च्या कोविड मोसमाचे वर्ष कुणाच्याच खात्यातून वजा करायचे नाही असे ठरले. दुखापतींच्या सवलती धरून कॅम मॅककॉर्मिक 2024 मध्ये मायामीकडून खेळला, ते त्याचे कॉलेज फुटबॉलमधले नववे वर्ष होते. यातली एकेक सवलत घेतली तर तिच्याशी भांडता येत नाही. पाय मोडलेल्या मुलाला आणखी एक संधी कोण नाकारील? पण चार वर्षांच्या पदवीशी मोसमांचे असलेले नाते प्रत्येक वेळी सैल झाले, आणि शेवटी मागे उरला तो नुसता आकडा, ज्याचे कारण सांगणे दिवसेंदिवस कठीण होत गेले.

म्हणूनच न्यायालयात तो आकडा डळमळला. 2021 च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयाने खेळाडूंच्या शिक्षणविषयक लाभांवरील मर्यादांबाबतच्या ऑल्स्टन खटल्यात एकमताने एनसीएएविरुद्ध निकाल दिला आणि जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर व चेहऱ्यावर पैसे कमावण्याची मुभा मिळाली. आता मोसम म्हणजे कमाई. डिसेंबर 2024 मध्ये व्हँडरबिल्ट विद्यापीठाचा फुटबॉलपटू डिएगो पाव्हिया याने नेमके हेच मांडले: आधीच्या दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजातले मोसम मोजल्याने माझे उत्पन्न बुडते. टेनेसीतल्या फेडरल न्यायाधीशांनी त्याला तात्पुरता दिलासा दिला, आणि एनसीएएने तशा इतर खेळाडूंनाही एका वर्षाची सूट दिली. मग दाव्यांची रांगच लागली. काही न्यायाधीशांनी खेळाडूंना परवानगी दिली, काहींनी नाकारली. विस्कॉन्सिनच्या एका खेळाडूला मिळालेला दिलासा जुलै 2025 मध्ये अपील न्यायालयाने रद्द केला.

प्रशिक्षक कोट्यवधी डॉलर घेत वर्षानुवर्षे टिकतात, मग बंधन खेळाडूलाच का, हा आक्षेप खरा आहे आणि मला तो टाळता येत नाही. पात्रतेचे नियम अन्यायानेही वापरले गेले: हॉवर्ड या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाचे 1971 चे सॉकर विजेतेपद काढून घेतले गेले, आणि परदेशी खेळाडूंना वेगळे माप लावणारा नियम पुढे न्यायालयाने भेदभावाचा ठरवला. पण तिथे रद्द झाले ते वेगळे माप. सर्वांना सारखी असलेली मुदत त्यानंतरही टिकली. खेळाडूला मोबदला मिळावा, हे मान्य करूनही मुदत राखता येते, कारण मोबदल्याचा प्रश्न वेगळा आणि जागेचा वेगळा. 2025 मध्ये ‘हाउस’ नावाच्या खटल्यात झालेल्या समझोत्याने विद्यापीठांना खेळाडूंशी उत्पन्न वाटून घेण्याची वाट मोकळी केली आणि सोबत फुटबॉल संघाची कमाल संख्या 105 ठरवली. पंचवीस वर्षांचा खेळाडू आणखी एक मोसम थांबला की त्या 105 मधली एक जागा अडते, आणि शाळा संपवून येणारा अठरा वर्षांचा मुलगा बाहेर राहतो. न्यायालयासमोर उभा असतो तो थांबू पाहणारा खेळाडू. ज्याची जागा गेली तो मुलगा त्या दाव्यात पक्षकारच नसतो.