हॅरी बेलाफॉन्टे : लोकप्रियतेच्या शिखरावर असताना दहा वर्षं सिनेमांपासून दूर का राहिले?

१९८८ सालच्या ‘बीटलजूस’ या हॉलिवूडपटातला एक प्रसंग आजही रील्समध्ये फिरताना दिसतो. जेवणाच्या टेबलावर जमलेली प्रतिष्ठित मंडळी अचानक भलत्याच आवाजात गाऊ लागतात, त्यांच्या मनात नसतानाही नाचू लागतात. गाणं असतं ‘डे-ओ’, म्हणजेच ‘बनाना बोट साँग’. प्रसंग विनोदी आहे, पण तो आवाज ज्यांचा आहे त्यांची गोष्ट गंभीर आहे. तो आवाज हॅरी बेलाफॉन्टे यांचा.

गायक, अभिनेते, निर्माते आणि अमेरिकेतल्या नागरी हक्क चळवळीतले बिनीचे कार्यकर्ते. ग्रॅमी, एमी, टोनी आणि मानद ऑस्कर असे चारही मोठे सन्मान त्यांना मिळाले. देखणा चेहरा, तुफान लोकप्रियता, हाताशी पैसा. तरीही १९५९ नंतर थेट १९७० पर्यंत त्यांचा एकही कथापट आला नाही.

असं का झालं? उत्तर त्यांनी केलेल्या सिनेमांमध्ये आहे, आणि न केलेल्या सिनेमांमध्येही.

हार्लेम, जमैका आणि पुन्हा हार्लेम

बेलाफॉन्टे यांचा जन्म १ मार्च १९२७ रोजी न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात झाला. आईवडील कॅरिबियन बेटांवरून आलेले. आई घरकाम करायची, वडील जहाजांवर स्वयंपाकी होते. बालपणीची काही वर्षं त्यांनी जमैकात आजीकडे काढली. गोदीत राबणारे मजूर आणि काम करता करता म्हटली जाणारी गाणी त्यांनी तिथे ऐकली. पुढे हीच शिदोरी त्यांना जगभर घेऊन गेली.

न्यूयॉर्कला परतल्यावर शाळेत मन रमेना. त्यांना डिस्लेक्सिया होता, म्हणजे अक्षरं वाचताना अडचण यायची. त्या काळी ही अडचण ओळखणारं कोणी नव्हतं. शाळा अर्धवट सुटली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात ते नौदलात गेले. परत आल्यावर इमारतींची देखभाल करणाऱ्याचा मदतनीस म्हणून काम धरलं.

इथे त्यांच्या आयुष्याला वळण मिळालं. एका भाडेकरूचं काम केल्यावर बक्षिसी म्हणून पैशांऐवजी नाटकाची दोन तिकिटं मिळाली. नाटक होतं ‘अमेरिकन नीग्रो थिएटर’ या संस्थेचं. रंगमंचावर कृष्णवर्णीय कलाकार, आणि तेही नोकर किंवा विदूषक म्हणून नाही, तर हाडामांसाची माणसं म्हणून. बेलाफॉन्टे यांनी ठरवलं, आपण हेच करायचं. याच संस्थेत त्यांना जन्मभराचा मित्र भेटला, सिडनी पॉटिए. पुढे दोघेही हॉलिवूडचे तारे झाले, पण तेव्हा दोघांच्याही खिशात फारसं काही नव्हतं.

नंतर त्यांनी न्यूयॉर्कमधल्या ‘ड्रमॅटिक वर्कशॉप’मध्ये अभिनयाचं शिक्षण घेतलं. मार्लन ब्रँडो आणि टोनी कर्टिस हे तिथले सहाध्यायी. फी भरायची म्हणून ते क्लबमध्ये गाऊ लागले. म्हणजे गाणं हा सुरुवातीला जोडधंदा होता, जीव अभिनयात होता.

केळ्यांच्या घडांचं गाणं

१९५६ साली त्यांचा ‘कॅलिप्सो’ हा अल्बम आला. तो बिलबोर्डच्या यादीत तब्बल ३१ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिला. एकाच गायकाच्या ज्या एलपीच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या, असा अमेरिकेतला पहिला एलपी म्हणून तो ओळखला जातो. भारतातही अनेकांच्या ओठांवर असलेलं ‘जमैका फेअरवेल’ याच अल्बममधलं. यातली बहुतेक गाणी आयर्विंग बर्गी या गीतकाराच्या हातून घडली होती.

‘डे-ओ’ ऐकायला मजेशीर वाटतं, पण ते श्रमगीत आहे. जमैकातले गोदी कामगार रात्रभर केळ्यांचे घड जहाजावर चढवतात. पहाट झाली की मोजणी करणारा कारकून यावा, घड मोजून घ्यावेत आणि आपल्याला घरी जाऊ द्यावं, एवढीच त्यांची विनवणी. घामाचा हिशेब मागणारं हे गाणं बेलाफॉन्टे यांनी अमेरिकेतल्या श्रीमंतांच्या दिवाणखान्यात पोहोचवलं.

त्यांना ‘किंग ऑफ कॅलिप्सो’ हा किताब मिळाला, पण तो त्यांना फारसा रुचला नाही. कॅलिप्सो मूळचं त्रिनिदादचं, आणि ‘डे-ओ’ हे जमैकाचं लोकगीत. आपण सर्व प्रकारची लोकगीतं गाणारे गायक आहोत, असंच त्यांचं म्हणणं होतं. या सगळ्यामागे त्यांचे आदर्श होते थोर गायक-अभिनेते पॉल रोबसन. कलावंताने अन्यायाविरुद्ध उभं राहायचं असतं, हा धडा त्यांनी रोबसन यांच्याकडून घेतला. त्याची किंमत काय असते, हेही त्यांनी पाहिलं होतं. राजकीय मतांपायी अमेरिकेच्या सरकारने १९५० मध्ये रोबसन यांचा पासपोर्ट काढून घेतला होता.

चेहरा त्यांचा, आवाज दुसऱ्याचा

सिनेमात त्यांचं नाव झालं ते १९५४ च्या ‘कारमेन जोन्स’मुळे. दिग्दर्शक ओटो प्रेमिंजर, नायिका डोरोथी डँड्रिज, आणि पडद्यावरचे सगळे कलाकार कृष्णवर्णीय. बिझे यांच्या ‘कारमेन’ या ऑपेराला युद्धकाळातल्या अमेरिकेत आणणारा हा चित्रपट. यासाठी डँड्रिज यांना ऑस्करचं नामांकन मिळालं. सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीच्या नामांकनापर्यंत पोहोचलेल्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री.

गंमत अशी की दोघेही गायक असूनही या सिनेमात गाताना त्यांचा स्वतःचा आवाज नाही. ऑपेराच्या धाटणीच्या गाण्यांसाठी बेलाफॉन्टे यांना लव्हर्न हचरसन यांचा, तर डँड्रिज यांना मेरिलिन हॉर्न यांचा आवाज दिला गेला.

पुढे १९५७ मध्ये आला ‘आयलंड इन द सन’. एका काल्पनिक कॅरिबियन बेटावरच्या तरुण कामगार पुढाऱ्याची भूमिका बेलाफॉन्टे यांनी केली. गोऱ्या कुटुंबातल्या स्त्रीशी त्याचं मन जुळतं, अशी कथा. ही भूमिका जोन फाँटेन यांनी केली होती. त्या काळात अमेरिकेच्या अनेक राज्यांत गोऱ्या आणि काळ्या व्यक्तींचं लग्न हा कायद्याने गुन्हा होता. हॉलिवूडच्या स्वतःच्या नियमावलीतही अशा संबंधांवर अगदी १९५६ पर्यंत बंदी होती. त्यामुळे पडद्यावर दोघांमध्ये चुंबनसुद्धा नाही. तरीही दक्षिणेकडे मोठं वादळ उठलं, आणि साउथ कॅरोलायनात तर हा सिनेमा दाखवणाऱ्या थिएटरांना दंड करण्याचा प्रस्ताव पुढे आला.

बेलाफॉन्टे यांची तक्रार वेगळीच होती. सिनेमा फारच भित्रा झालाय, असं त्यांचं मत होतं. स्वतःच्याच गाजलेल्या सिनेमावर त्यांनी उघड टीका केली.

स्वतःची कंपनी, स्वतःची गोष्ट

मनासारख्या गोष्टी मिळत नाहीत म्हटल्यावर त्यांनी ‘हारबेल’ ही स्वतःची निर्मिती संस्था काढली. तिचा सहभाग असलेले दोन सिनेमे १९५९ मध्ये आले.

‘द वर्ल्ड, द फ्लेश अँड द डेव्हिल’मध्ये ते खाण निरीक्षक आहेत. खाणीत अडकलेला हा माणूस बाहेर येतो तेव्हा जग संपलेलं असतं. ओस पडलेल्या न्यूयॉर्कमध्ये तो एकटाच फिरतो. मग एक गोरी स्त्री भेटते, आणि जग बुडालं तरी वर्णभेद बुडालेला नाही, हे लक्षात येतं.

दुसरा ‘ऑड्स अगेन्स्ट टुमॉरो’. दिग्दर्शक रॉबर्ट वाइज, म्हणजे पुढे ‘द साउंड ऑफ म्युझिक’ करणारे. तिघेजण बँक लुटायचा बेत आखतात. त्यातला एक कर्जात बुडालेला कृष्णवर्णीय वादक, दुसरा कट्टर वर्णद्वेष्टा. बेत फसतो तो पोलिसांच्या हुशारीपेक्षा या द्वेषामुळे. शेवटी स्फोटात दोघेही जळून जातात आणि कोणतं प्रेत कोणाचं हेच कळत नाही. एवढ्या एका शेवटात सिनेमाला जे म्हणायचंय ते सगळं येतं.

या सिनेमाचे लेखक एब्रहम पोलॉन्स्की तेव्हा हॉलिवूडच्या काळ्या यादीत होते, म्हणजे डाव्या विचारांमुळे त्यांना उघडपणे कोणी काम देत नव्हतं. बेलाफॉन्टे यांनी दिलं. पडद्यावर नाव मात्र जॉन किलेन्स या कृष्णवर्णीय कादंबरीकाराचं लागलं. पोलॉन्स्की यांना त्यांचं श्रेय अधिकृतपणे मिळायला १९९० चं दशक उजाडावं लागलं.

नकार

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. भूमिका येत नव्हत्या का? येत होत्या. पण ‘पोर्गी अँड बेस’ हा मोठा सिनेमा त्यांनी नाकारला. कृष्णवर्णीयांचं त्यातलं चित्रण त्यांना अपमानास्पद वाटलं. ‘लिलीज ऑफ द फील्ड’लाही नकार दिला. त्यातला नायक गोऱ्या नन्सना मदत करतो, पण त्याला स्वतःचं घर नाही, भूतकाळ नाही, इच्छा नाहीत. असा माणूस बेलाफॉन्टे यांना खरा वाटेना.

हे दोन्ही सिनेमे सिडनी पॉटिए यांनी केले. ‘लिलीज ऑफ द फील्ड’साठी १९६४ मध्ये त्यांना ऑस्कर मिळालं, सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचं ऑस्कर जिंकणारे ते पहिले कृष्णवर्णीय. तरी मैत्रीत अंतर पडलं नाही. पॉटिए आत राहून दार उघडत होते, बेलाफॉन्टे बाहेर राहून. दोन्ही वाटांची गरज होती.

कमाई गेली कुठे?

१९५६ मध्ये बेलाफॉन्टे यांची मार्टिन ल्यूथर किंग यांच्याशी भेट झाली आणि दोघे जवळचे मित्र बनले. धर्मोपदेशकाच्या पगारावर किंग यांचा संसार चालणं कठीण होतं, तेव्हा बेलाफॉन्टे त्यांच्या कुटुंबाच्या पाठीशी उभे राहिले.

अहिंसक आंदोलनाचं एक व्यावहारिक अंग फारसं बोललं जात नाही. सत्याग्रही तुरुंगात जातात, पण बाहेर यायला जामीन लागतो, आणि जामिनाला रोकड लागते. १९६३ मध्ये बर्मिंगहॅमच्या आंदोलनात किंग यांच्यासह शेकडो लोक पकडले गेले. जामिनाचे पैसे उभे करण्यात बेलाफॉन्टे आघाडीवर होते. त्याच वर्षी वॉशिंग्टनच्या प्रचंड मोर्चाला हॉलिवूडचे तारे आणण्यातही त्यांचा मोठा वाटा होता.

१९६४ चा उन्हाळा याहून कठीण. मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करणाऱ्या तीन तरुण कार्यकर्त्यांचा खून झाला होता. बाकीच्यांना तिथे टिकून राहायला पैशांची तातडीने गरज होती. बेलाफॉन्टे यांनी पॉटिए यांना सोबत घेतलं आणि सुमारे ७० हजार डॉलर रोख बॅगेत भरून ग्रीनवुड गाव गाठलं. रात्रीच्या अंधारात क्लू क्लक्स क्लानच्या लोकांनी त्यांच्या गाड्यांचा पाठलाग केला. हॉलिवूडचे दोन सर्वांत मोठे कृष्णवर्णीय तारे त्या रात्री मारले जाऊ शकले असते. पैसे पोहोचले.

एका स्पर्शाचा वाद

टीव्हीवरही तेच. ‘टुनाइट विथ बेलाफॉन्टे’ या १९५९ च्या कार्यक्रमासाठी त्यांना एमी मिळाला. हा पुरस्कार जिंकणारे ते पहिले कृष्णवर्णीय. पुढच्या कार्यक्रमांत गोरे आणि काळे कलाकार एकत्र नकोत, असा प्रायोजकाचा आग्रह झाला. बेलाफॉन्टे यांनी कार्यक्रम सोडला, सहकलाकार सोडले नाहीत.

१९६८ मध्ये ब्रिटिश गायिका पेटुला क्लार्क यांच्या कार्यक्रमात दोघं युगुलगीत गात होते. गाता गाता क्लार्क यांनी त्यांच्या दंडावर हात ठेवला. प्रायोजक कंपनीच्या प्रतिनिधीने तेवढ्यावर आक्षेप घेतला आणि दुसरं चित्रीकरण वापरायला सांगितलं. क्लार्क यांनी ठाम नकार दिला, आणि एप्रिलमध्ये तोच स्पर्श अमेरिकेने घराघरांत पाहिला.

वादही कमी नाहीत

बेलाफॉन्टे यांची जीभ अनेकदा तिखट व्हायची. २००२ मध्ये त्यांनी परराष्ट्रमंत्री कॉलिन पॉवेल यांची तुलना मालकाच्या घरात राहणाऱ्या गुलामाशी केली, आणि त्यावरून जोरदार टीका ओढवून घेतली. क्युबाच्या फिडेल कॅस्ट्रो यांच्याशी असलेली मैत्रीही अनेकांना खटकली. पण सत्ता कोणाचीही असो, मनातलं बोलायला ते कधी कचरले नाहीत, हे त्यांचे विरोधकही मान्य करत.

पुढची इनिंग

१९७२ मध्ये पॉटिए यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘बक अँड द प्रीचर’मध्ये दोघे मित्र एकत्र आले. बेलाफॉन्टे यात किडक्या दातांचा, लबाड धर्मोपदेशक झाले आहेत. देखणेपण बाजूला ठेवून केलेली ही भूमिका त्यांच्या अभिनयाची खरी ताकद दाखवते.

१९८५ च्या ‘वुई आर द वर्ल्ड’ या गाण्यामागची मूळ कल्पनाही त्यांचीच. इथिओपियातल्या दुष्काळासाठी कलावंतांनी एकत्र यावं, हा त्यांचा आग्रह होता. १९८७ मध्ये ते युनिसेफचे सदिच्छादूत झाले. २०१४ मध्ये समाजकार्यासाठी ऑस्कर अकादमीने त्यांचा गौरव केला. २०१८ च्या ‘ब्लॅकक्लान्समन’मध्ये, वयाच्या नव्वदीत, ते जमावाच्या हिंसेची आठवण सांगणाऱ्या वृद्धाच्या भूमिकेत दिसले. तो त्यांचा शेवटचा सिनेमा ठरला. २५ एप्रिल २०२३ रोजी, ९६ व्या वर्षी, न्यूयॉर्कमध्ये त्यांचं निधन झालं.

सुरुवात कुठून करावी?

एकच सिनेमा पाहायचा असेल तर ‘ऑड्स अगेन्स्ट टुमॉरो’ पाहा. अभिनयाची मजा हवी असेल तर ‘बक अँड द प्रीचर’. त्यांच्या तरुणपणाचं तेज पाहायचं असेल तर ‘कारमेन जोन्स’. आणि ‘डे-ओ’ पुन्हा कानावर पडलं, तर रात्रभर घड वाहून सकाळच्या मोजणीची वाट पाहणारे ते मजूर आठवून बघा. बेलाफॉन्टे आयुष्यभर त्यांच्याच बाजूने गात होते.