बडी विमानात बसली तेव्हा

जून १९२८. न्यूयॉर्कच्या गोदीलगत वेस्ट स्ट्रीट नावाचा भलामोठा रस्ता होता. ट्रक आणि टॅक्स्यांची तिथे अखंड वर्दळ. रस्त्याच्या कडेला वीस वर्षांचा मॉरिस फ्रँक उभा राहिला. दोन्ही डोळ्यांनी अंध. हातात जर्मन शेफर्ड जातीच्या कुत्रीच्या हार्नेसची ताठ मूठ, आणि मागे बातमीदारांचा घोळका. हा रस्ता ओलांडून दाखव, असं त्यांचंच आव्हान होतं. फ्रँकने आज्ञा दिली आणि बडी निघाली. वाहन आलं की थांबायची, गरज पडली तर मागे सरायची, वाट मोकळी झाली की पुन्हा पुढे. दोघे सुखरूप पलीकडे पोहोचले. त्यानंतर फ्रँकने स्वित्झर्लंडला एका शब्दाची तार केली: यशस्वी.

तार गेली ती डोरोथी हॅरिसन युस्टिस या अमेरिकन बाईंना. व्हव्हेजवळच्या डोंगरावर त्या पोलीस आणि लष्करासाठी कुत्री तयार करत. जर्मनीत मात्र याहून वेगळं काम चाललं होतं. पहिल्या महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी डॉ. गेरहार्ड श्टालिंग यांनी १९१६ मध्ये ओल्डेनबुर्गला वाटाड्या कुत्र्यांची शाळा काढली होती. पुढे पोट्सडॅमलाही अशी शाळा निघाली. ती पाहून युस्टिस भारावल्या आणि नोव्हेंबर १९२७ मध्ये ‘सॅटर्डे इव्हिनिंग पोस्ट’मध्ये त्यांनी तिच्यावर लेख लिहिला. टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिलमध्ये एका वडिलांनी तो आपल्या मुलाला वाचून दाखवला.

त्या मुलाचा, म्हणजे फ्रँकचा, एक डोळा सहाव्या वर्षी घोड्यावरून जाताना झाडाची फांदी लागून गेला होता. दुसरा सोळाव्या वर्षी, मुष्टियुद्धात. बाहेर पडायचं तर पैसे देऊन सोबतीला मुलगा ठेवावा लागे, आणि त्या मुलाच्या सवडीनेच हिंडावं लागे. लेख ऐकल्यावर त्याने युस्टिसबाईंना पत्र लिहिलं. मला कुत्रा द्या, मी इथल्या इतर अंधांना शिकवेन, असा त्याचा शब्द होता. तो त्याने पाळला. जानेवारी १९२९ मध्ये नॅशव्हिललाच ‘द सीइंग आय’ ही संस्था उभी राहिली.

या शिक्षणाचा कस आज्ञापालनाच्या पलीकडे लागतो. मालक ‘पुढे’ म्हणाला आणि समोर खड्डा किंवा भरधाव गाडी असली, तर कुत्र्याने हलायचंच नाही. कुठे जायचं ते माणूस ठरवतो. पाऊल टाकणं धोक्याचं आहे का, ते कुत्रा ठरवतो. असं जनावर क्षणभरही मालकापासून दूर असून चालत नाही. नेमकं हेच त्या काळच्या दारावरच्या माणसांना पटवणं अवघड होतं. हॉटेलं, उपाहारगृहं, आगगाड्या सगळीकडे एकच नियम: कुत्र्याला मज्जाव, किंवा फार तर सामानाच्या डब्यात जागा.

फ्रँक आणि बडी गावोगाव फिरले. भाषणं केली, वाद घातले, अडवणाऱ्यांसमोर ठाण मांडून बसले. कायदा पाठीशी नसताना त्यांनी एकेक दार उघडून घेतलं, याचं मोल फार मोठं आहे. १९३५ पर्यंत अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी वाटाड्या कुत्र्यांना प्रवाशांच्या डब्यात परवानगी दिली. विमानाचा दरवाजा त्यानंतर उघडला. मे १९३८ मध्ये बडी शिकागोहून नेवार्कला प्रवासी म्हणून विमानाने गेली. आपल्या नियमित विमानांत अशा सर्व कुत्र्यांना मालकाजवळ बसू देण्याचं धोरण युनायटेड एअरलाइन्सने स्वीकारलं होतं. तोवर बडी थकली होती. त्या उड्डाणानंतर आठवड्याभरात ती गेली. फ्रँकने पुढच्या प्रत्येक कुत्र्याचं नाव बडीच ठेवलं.

करमणुकीच्या उद्यानांची गोष्ट थोडी वेगळी. कॅलिफोर्नियातलं डिस्नेलँड १९५५ मध्ये सुरू झालं. मोटारीने लांबून येणारी कुटुंबं घरचा कुत्राही बरोबर आणत. त्याला दिवसभर तापत्या गाडीत कोंडणं क्रूरपणाचंच. म्हणून १९५८ मध्ये प्रवेशद्वाराशी पाळीव प्राण्यांसाठी मुक्कामाची सोय झाली. कुत्र्यांचं खाद्य बनवणाऱ्या एका कंपनीने ती प्रायोजित केली होती. पाळीव प्राणी दाराबाहेर आणि कामाचा कुत्रा मालकाबरोबर आत, ही विभागणी पुढे पक्की झाली. १९९० च्या अपंगत्वविषयक कायद्याने तिला देशभर बळ दिलं. दारावरच्या कर्मचाऱ्याला दोनच प्रश्न विचारता येतात: हा कुत्रा अपंगत्वामुळे लागतो का, आणि त्याला कोणतं काम शिकवलं आहे. दाखला मागता येत नाही. वेगवान पाळण्यांवर मात्र त्यालाही मनाई असते, कारण तिथले सुरक्षापट्टे माणसाच्या शरीरासाठी बनवलेले असतात. मग सोबतचे लोक आळीपाळीने त्याला घेऊन खाली थांबतात.

विमानांसाठी १९८६ मध्येच वेगळा कायदा झाला होता, आणि खरा पेच तिथेच निर्माण झाला. मानसिक आधारासाठी पाळलेल्या प्राण्यांनाही चिठ्ठी दाखवली की केबिनमध्ये फुकट जागा मिळू लागली. ज्यांना अशा सोबतीची खरोखर गरज होती, त्यांच्यासाठी ही सवलत मोलाची होती. पण चिठ्ठ्या इंटरनेटवर पैसे मोजून मिळू लागल्या, आणि कसलंही शिक्षण नसलेले प्राणी विमानात दिसू लागले. जानेवारी २०१८ मध्ये नेवार्कच्याच विमानतळावर एका महिलेने मोर आणला. युनायटेडने त्याला नकार दिला. शिकवलेल्या कुत्र्यावर दुसऱ्या प्रवाशाचा बिथरलेला कुत्रा धावून गेला, तर बसलेल्या धक्क्याने त्याचं काम कायमचं सुटू शकतं. मग त्याच्या मालकाने घराबाहेर पडायचं कसं?

डिसेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या वाहतूक खात्याने नियम बदलले. जानेवारी २०२१ पासून ते लागू झाले. सेवा-प्राणी म्हणजे अपंग व्यक्तीसाठी काम शिकवलेला कुत्राच, मग ते अपंगत्व शारीरिक असो वा मानसिक. आधारासाठीच्या प्राण्यांना पाळीव प्राण्यांचे नियम लावण्याची मुभा विमान कंपन्यांना मिळाली. उद्यानाच्या दारावर अजूनही दोन प्रश्नांवर काम भागतं. विमानासाठी मात्र कुत्र्याचं आरोग्य, वागणूक आणि शिक्षण यांची हमी देणारा सरकारी फॉर्म कंपनी मागू शकते, आणि आधी तिकीट काढलेल्यांकडून तो उड्डाणाच्या ४८ तास अगोदर घेऊ शकते.